मिस्टरांचं पोट, चिडचिड आणि आमच्यातला अबोला – आधी इलाज कशाचा करायचा?

अमळनेरची_सून

नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेय कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाही. लग्नाला आठेक वर्षं झाली, मुलगी पहिलीत आहे. मिस्टर जळगावला एमआयडीसीत शिफ्ट ड्युटीला आहेत, आम्ही तिथेच भाड्याने राहतो, सासू-सासरे अमळनेरला. दोन-अडीच वर्षांपासून ह्यांचं पोट बिघडलेलं आहे म्हणजे कधी चार-चार दिवस साफ होत नाही आणि कधी ड्युटीला निघायच्या आधी तीन-चार वेळा जावं लागतं, मुरडा येतो, जाऊन आलं की जरा बरं वाटतं आणि परत तेच, संध्याकाळपर्यंत पोट फुगून टम्म. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली होती ती आजही रोज चालू आहे, कोणी बंद कर म्हणालं नाही.

पण माझा खरा प्रश्न पोटाचा नाहीये. माणूस बदललाय हो. आधी रात्री जेवण झाल्यावर आम्ही कॉलनीत एक चक्कर मारायचो, गप्पा व्हायच्या, आता जेवले की आत जाऊन मोबाईल घेऊन पडतात. मुलीवरही ओरडतात. लग्नाला जायचं नाही, बसने प्रवास नको, माझ्या माहेरी चोपड्याला तर नाहीच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी गेले होते, आईने जावयासाठी आमरस आणि खापरावरचे मांडे केले, आणि हे आलेच नाहीत, फोनवर एवढंच म्हणाले की तब्येत बरी नाही. माझ्या भावाला वाटलं की मुद्दाम मान ठेवला नाही. त्यावरून आमचं जे भांडण झालं त्यानंतर बरेच दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. जवळीक तर जवळपास संपलीच आहे, मी जवळ गेले तरी पाठ फिरवतात आणि मग मला वाटतं की मीच नकोशी झालेय.

सासूबाई म्हणतात "त्याले कोनी तरी नजर लागनी." नणंदेने तर सरळ सांगितलं की वहिनीच्या हातचं दादाला पचत नाही. मी तेल कमी केलं, तिखट कमी केलं, त्यांचं वेगळं शिजवते, तरी फरक नाही, आणि ताट वाढताना माझ्याच पोटात गोळा येतो की आज काय म्हणतील.

आता मला कळत नाही की हे पोटामुळे चिडतात, की डोक्यात काही टेन्शन आहे म्हणून पोट बिघडतं, की आमचं पटत नाही म्हणून दोन्ही. पोटाच्या डॉक्टरकडे जाऊ, मनाच्या डॉक्टरकडे जाऊ की आधी आमचं दोघांचं नीट करू? मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय येडा आहे का" म्हणतात. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

तापीकाठचा_डॉक्टर

ताई, मी धुळ्याला मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. न तपासता निदान करणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय, मुरडा, गेल्यावर आराम, कधी कॉन्स्टिपेशन कधी जुलाब, पोट फुगणं आणि रिपोर्ट नॉर्मल, हे वाचून माझ्या मनात पहिलं नाव आयबीएसचं (इरिटेबल बाऊल सिंड्रोम, म्हणजे आतडं चिडकं होण्याचा आजार) येतं. तो आजार खराच असतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे "काही नाही, मनाचे खेळ आहेत" असं सांगून पेशंटला परत पाठवणं मला फार चुकीचं वाटतं, कारण दुर्बिणीत आतड्याचं अस्तर दिसतं, आतड्याच्या नसा किती संवेदनशील झाल्यात ते दिसत नाही. ढोबळ नियम असा की गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, त्या दुखण्याचा संडासशी संबंध आहे, संडासच्या वेळा बदलल्यात, स्वरूप बदललंय यातल्या निदान दोन गोष्टी आहेत, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेत. रोम निकष म्हणतात त्याला, हे २०१६ मध्ये आलेले.

तुम्ही विचारलंय पोट आधी की मन आधी. काहींना आधी पोट बिघडतं आणि मग उदासी येते, काहींना आधी चिंता असते आणि मग पोट. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, त्यात दहा कोटींच्या वर पेशी आहेत, आणि मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची नस जाते तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत, खालून वर. हे आजचं फॅड नाही. १८९० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन संशोधकाने क्ष-किरणांखाली मांजरांची पोटं पाहिली होती, मांजर बिथरलं की पोटाची हालचाल थांबायची. तुमच्या मिस्टरांचं सकाळी ड्युटीच्या आधी होतं ते याच जातीचं असू शकतं.

आणि नवरा-बायकोचं म्हणाल तर त्यावरही काम झालंय. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये ४३ जोडप्यांना त्यांच्या वादाच्या विषयावर बोलायला बसवलं, व्हिडिओ घेतले, रक्त तपासलं. जी जोडपी एकमेकांशी जास्त कडवटपणे वागली त्यांच्या रक्तात आतड्यातले बॅक्टेरिया झिरपत असल्याची खूण जास्त सापडली, आणि ज्यांना आधी डिप्रेशनसारखा त्रास होऊन गेला होता त्यांच्यात हे आणखी ठळक होतं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून भांडणामुळेच पोट बिघडतं असं म्हणता येणार नाही, पण तुमच्या घरातल्या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असू शकतात एवढं नक्की. म्हणून "आधी कशाचा" यात अडकू नका, एका जागी सुरुवात करा आणि ती जागा पोटाची ठेवा कारण त्याला मिस्टर तयार होतील.

जाताना हे विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, सूज आहे का ते बघणारी तपासणी, शौच तपासणी आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सिलिॲक आजार असतो त्याची रक्ततपासणी झाली आहे का. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं का चालू आहे हेही विचारा, मनाने एकदम तोडू नका. आणि संडासमधून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, झोपेतून उठून जावं लागत असेल, ताप राहत असेल, किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर थांबूच नका, मग हे आयबीएस समजून चालणार नाही.

भुसावळ_जंक्शन

वहिनी, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलतो कारण मला हाच त्रास आहे आणि डॉक्टर साहेबांनी लिहिलंय तेच निदान माझं झालेलं आहे. रेल्वेत नोकरीला असल्यामुळे माझी पहिली नजर कायम संडास कुठे आहे यावर जाते. नवीन गावाला गेलं की आधी ते शोधायचं, सापडलं की मग बाकीचं. तुमचे मिस्टर चोपड्याला आले नाहीत ना, मला शंभर टक्के वाटतं की त्यात तुमच्या माहेरचा अपमान नव्हता, त्यांना बसमध्ये दीड-दोन तास काढायची भीती वाटली असेल आणि सासरी सगळ्यांसमोर चार वेळा उठून जायची लाज वाटली असेल, त्यात आमरसाचं ताट समोर आलं की नको कसं म्हणणार, जावई माणूस. हे तोंडाने सांगता येत नाही हो पुरुषाला. ताप आला म्हणून सांगता येतं, पाठ दुखते सांगता येतं, पण माझं पोट माझ्या हातात नाही हे बायकोलाही सांगता येत नाही. मग माणूस चिडतो, कारण चिडलं की कोणी पुढचं विचारत नाही.

जवळीक कमी होते त्याचंही सांगतो, लिहायला अवघड आहे पण कोणीतरी लिहिलं पाहिजे. पोट टम्म फुगलेलं असतं, गॅस होतो, आपल्याला आपलंच शरीर घाण वाटतं, बायको जवळ आली तर काही होईल काय म्हणून अंग आखडतं. पाठ फिरवली म्हणजे तुम्ही नकोशा झाल्या असं समजू नका. अर्थात ते त्यांनी बोलायला हवं, तुम्ही किती दिवस अंदाज बांधत बसणार.

आमच्या घरात काय केलं ते सांगतो. मिसेस माझ्यासोबत डॉक्टरांकडे आत आली, बाहेर बसली नाही, आणि तिने स्वतःच्या कानाने ऐकलं की हा आजार आहे, जीवाला धोका नाही पण त्रास खरा आहे. तिथून घरातलं निम्मं वातावरण बदललं. दुसरं, जेवताना पोटाचा विषय काढायचा नाही असं ठरलं. "आज कसं आहे, झाली का साफ, काय खाल्लं बाहेर" हे प्रश्न काळजीपोटी येतात पण ताटावर बसल्यावर ते पोलीस चौकशीसारखे लागतात. तिसरं, कार्यक्रमाला जायचं असेल तर मी आधी सांगतो की तासभर थांबेन आणि निघेन, ती तिच्या भावासोबत उशिरा येते, यात मानापमान नाही असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकदा समजावून झालंय. आता कानबाईच्या सणाला, रोटांना मी गावी जातो, खातो थोडं, पण जातो.

जळगावची_आहारताई

मी आहारतज्ज्ञ आहे, नणंदबाईंचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. कोणाच्या "हातचं पचत नाही" असं काही नसतं. पण आपल्या खान्देशी स्वयंपाकात काही पदार्थ असे आहेत जे आयबीएसवाल्याला हमखास त्रास देतात आणि त्यात तेल-तिखटापेक्षा मोठा वाटा कांदा, लसूण, गहू आणि डाळींचा असतो, म्हणून तुम्ही तेल कमी करूनही फरक पडला नसेल. शेवभाजीचा रस्सा बघा, भाजलेला कांदा-खोबरं, वर भरपूर लसूण, त्यात बेसनाची शेव. वरण-बट्टी म्हणजे गहू आणि तूरडाळ एकत्र. या सगळ्यात काही प्रकारच्या साखरा असतात ज्या छोट्या आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया त्यांचा गॅस करतात आणि पाणीही ओढलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीने यावर एक आहारपद्धत बनवली आहे, लो फॉडमॅप म्हणतात. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे आणि नंतर एकेक करून परत आणून बघायचं की नेमका कोणता त्रास देतो. लोक पहिला भाग करतात आणि दुसरा करतच नाहीत, मग माणूस आयुष्यभर भात-दह्यावर राहतो, वजन उतरतं, आणि चार लोकांत जेवायची भीती आणखी वाढते. म्हणून हे कोणाच्या तरी देखरेखीखाली करा.

आपल्याकडे चांगली गोष्ट ही की ज्वारी चालते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो तो सुरुवातीला नको, साधी ज्वारीची करा. भरीत सोडायची गरज नाही, कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घ्या, पांढरा कांदा काढून टाका, आणि लसणाचा वास हवा असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून बाहेर काढा, त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही. मिरची मात्र कमीच, तिखटाने आतड्याच्या चिडलेल्या नसा आणखी चिडतात. केळी आपल्या घरची, रावेर-यावलची, ती जरा कडक असतानाच खा, सालीवर काळे ठिपके पडलेली जास्त पिकलेली केळी काहींना फुगवते. बाजारातल्या खडा नसलेल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, पाकीट वाचून घ्या. इसबगोल चालतं, गव्हाचा कोंडा नको. पण इसबगोल घेतलं तर पाणी भरपूर हवं, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि कंपनीत माणूस दिवसभर घाम गाळतो, पाणी कमी पडलं तर उलट जास्त अडकतं.

शिफ्टचंही बघा. रात्रपाळीत उपाशीपोटी चहावर चहा होतो का? आणि सकाळी घरी येऊन एकदम भरपेट? हे बदललं तरी पुष्कळांना फरक पडतो. आणखी एक, त्यांचं वेगळं शिजवू नका. जे त्यांना चालतं तेच सगळ्यांचं बनवा, मुलीला न् तुम्हाला वरून कांदा-ठेचा घ्या. एका घरात दोन स्वयंपाक म्हणजे रोज ताटावरच आजाराची आठवण, आणि तुमचेही हाल.

नंदुरबारकर_७२

मी तर सांगतो एवढं काही करू नका. रात्री कोमट पाण्यातून सोनामुखीचं चूर्ण द्या, सकाळी पोट साफ, डोकं शांत. आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं घेतलं.

तापीकाठचा_डॉक्टर

काका, तुमचा हेतू चांगला आहे पण यांना मधूनमधून जुलाबही होतात, अशा माणसाला रोज सोनामुखी दिली तर मुरडा वाढेल आणि जुलाबातून अंगातले क्षार जातील. अधूनमधून डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेणं वेगळं. आणि ताई, प्रोबायोटिकच्या (चांगल्या बॅक्टेरियांच्या) महागड्या डब्यांवरही पैसे घालवू नका. जाहिरातीत सांगतात की शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलं जाणारं रसायन, पोटात बनतं म्हणून पोट सुधारलं की मन आनंदी. पहिली गोष्ट खरी आहे, पण पोटातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, ते आतड्याची हालचाल चालवायला असतं. काही प्रोबायोटिकने काहींना बरं वाटतं, पण डिप्रेशन जातं असं समजू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण इथेच घरोघरी घोळ होतो. साध्या उपायांनी जमलं नाही तर डॉक्टर अगदी कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलीन नावाची गोळी देऊ शकतात. ती जुनी डिप्रेशनची गोळी आहे, पण इथे ती पोटाच्या नसा शांत करायला दिली जाते. इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर त्याची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा फायदा स्पष्ट दिसला. मिस्टर इंटरनेटवर नाव टाकतील आणि म्हणतील "बघ, मला येड्याची गोळी दिली." त्याआधीच त्यांना हे माहीत असू द्या. डोस डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवरून स्वतः आणू नका.

समुपदेशक_चाळीसगाव

वरच्या सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी फक्त तुमच्या दोघांबद्दल लिहिते. ताई, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे की ताट वाढताना तुमच्याच पोटात गोळा येतो. ते वाचून मी थांबले. दोन वर्षं दुसऱ्याच्या पोटाची काळजी, वर सासरचे टोमणे, माहेरची नाराजी, मुलीला सांभाळणं, आणि नवरा बोलत नाही. तुमची झोप कशी आहे, तुम्ही कोणाजवळ रडता, हे इथे कोणीच विचारलं नाही. आजारी माणसाच्या शेजारचा माणूसही थकतो. तुम्हाला स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेली मानस म्हणून सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. तुम्ही फोन करू शकता, मिस्टरांनीच करायला पाहिजे असं नाही.

माझ्याकडे जी जोडपी येतात त्यांच्यात मी हे वारंवार बघते की एक जण जितकं विचारतो तितका दुसरा आत जातो, आणि तो जितका आत जातो तितकं पहिल्याला जास्त विचारावंसं वाटतं. तुम्ही वाईट नाही, तेही वाईट नाहीत. हे तोडायचं तर "तुम्हाला काय झालंय" असं विचारण्यापेक्षा तुमचं सांगा. म्हणजे असं की "तुम्ही पाठ फिरवता तेव्हा मला वाटतं मी नकोशी झालेय, तसं आहे का?" एवढंच विचारायचं आणि उत्तराला वेळ द्यायचा. भांडणानंतर नाही, जेवताना नाही, सुट्टीच्या दिवशी ते जरा निवांत असताना. आणि जवळीक म्हणजे लगेच शरीरसंबंध असं दोघांच्याही डोक्यात नको. तुम्ही लिहिलंय आधी जेवण झाल्यावर चक्कर मारायचे, ती परत सुरू करा, चालण्याने पोटालाही बरं वाटतं आणि शेजारी-शेजारी चालताना समोर बघून बोलावं लागत नाही म्हणून आपल्या पुरुषांना ते सोपं जातं.

"मी काय येडा आहे का" याला वाद घालू नका. आयबीएससाठी बोलण्याची थेरपी असते, सीबीटी म्हणतात, पोटाचे डॉक्टरच ती सुचवतात, त्यामुळे तो पोटाच्याच इलाजाचा भाग म्हणून समोर येऊ द्या. पण दोन आठवड्यांच्या वर ते सतत उदास असतील, कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, किंवा "मी नसलो तर बरं" असं कधी बोलले तर मात्र वाट बघू नका, सरळ मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या, सरकारी जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं.

अमळनेरची_सून

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. भुसावळच्या दादांचं उत्तर मी ह्यांना वाचायला दिलं, काही बोलले नाहीत, मोबाईल परत दिला आणि थोड्या वेळाने म्हणाले की "बसमध्ये घाम फुटतो मला." आठ वर्षांत पहिल्यांदा मला हे कळलं. वजन उतरलेलं नाही आणि रक्त वगैरे जात नाही, विचारलं मी. पुढच्या आठवड्यात त्यांची सकाळची शिफ्ट आहे तेव्हा संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरलंय, मीही आत जाणार आहे. सासूबाईंना अजून काही सांगितलं नाही, ते अवघड आहे.

डॉक्टर साहेब, एक विचारायचं होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून मागच्या आठवड्यापासून ह्यांनी गव्हाची पोळी बंद केलीय, भाकरीच खातात, आणि जरा बरं आहे म्हणतात. मग ती गव्हाची रक्ततपासणी आता करायची गरज नाही ना?

तापीकाठचा_डॉक्टर

उलट करायलाच हवी, आणि लवकर. ती तपासणी गहू खाणं चालू असतानाच बरोबर येते. फार दिवस गहू बंद ठेवून रक्त दिलं तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. पोळी बंद करून आठवडाच झालाय त्यामुळे अजून उशीर झालेला नाही, उद्यापासून रोज एक-दोन पोळ्या खाऊ द्या आणि भेटाल त्या डॉक्टरांना गहू किती दिवस बंद होता ते सांगा, रक्त कधी द्यायचं ते ठरवतील. पोळी बंद केल्यावर बरं वाटलं यावरून सिलिॲकच आहे असंही म्हणता येत नाही, आहारताईंनी लिहिलं तसं आयबीएसमध्येही गहू कमी केला की पोट हलकं वाटतं. जुन्या एंडोस्कोपीचा कागद सोबत न्या, त्यात तुकडा काढून तपासला होता का ते बघतील. रिपोर्ट आले की नाव झाकून इथे टाका, आपण बघू.